नाव विकलेला माणूस

लग्नसराई आटोपली की वाद्यवृंदातील मुलांच्या हाती थोडेफार पैसे जमतात आणि त्या पैशांचे काय करावे, हा प्रश्न घराघरांत निघतो. माझ्या बहिणीच्या घरी तो यंदा जरा जोरातच निघाला. माझा भाचा लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदाला साथ करतो. आजवर त्याने एका स्वस्त वाद्यावर दिवस काढले. आता सहा हंगामांची शिल्लक त्याच्यापाशी होती आणि विकाऊ अशा दोन जुन्या अमेरिकन गिटारी त्याच्यापुढे होत्या. पहिलीच्या मस्तकावर ‘फेंडर’ हे जगप्रसिद्ध नाव. ती १९७८ सालची ‘जॅझ बेस’. दुसरी ‘जी अँड एल’ या नावाची, १९८१ च्या सुमाराची ‘एल-२०००’. जहाजावरील वाद्यवृंदात आयुष्य काढलेल्या एका वयस्क वादकाने ती परदेशातून आणलेली. पहिलीची किंमत दुसरीच्या दुपटीहून अधिक. ती घ्यावयाची तर बहिणीला बँकेतील ठेव मोडावी लागली असती.

“मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. जुन्या वस्तूची किंमत तुम्हालाच कळायची,” असे म्हणून भाच्याने ते ओझे माझ्या खांद्यावर टाकले. मी शिकवला तो किल्ल्यांचा आणि तहांचा इतिहास. गिटार मी कधी हाती धरलेली नाही. तरीही महिनाभर वाचन केले, जाणत्या वादकांना विचारले, आणि हळूहळू ध्यानात आले की या दोन वाद्यांमागे दोन माणसे नाहीत, एकच माणूस आहे. ज्या वाद्यावर त्याचे नाव होते, ते घडले त्या काळी तो त्या कारखान्याचा मालक राहिलेला नव्हता. आणि जे त्याच्या देखरेखीखाली घडले, त्याच्या मस्तकावर ते प्रसिद्ध नाव ठळक अक्षरांत नव्हते. हा गुंता कसा झाला, ते सांगावयाचे म्हणजे थोडे मागे जावे लागेल.

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर, म्हणजे लिओ, यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, अनाहाइम आणि फुलरटन या गावांजवळच्या एका संत्र्यांच्या मळ्यात झाला. बालपणीच एक डोळा गेला. तेथे काचेचा डोळा बसविला गेला. शिक्षण हिशेबनिसाचे. विजेच्या उपकरणांची विद्या त्यांनी स्वतःच हस्तगत केली आणि १९३८ साली फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गिटारीचा इतिहास बदलणाऱ्या या माणसाला गिटार वाजविता येत नव्हती. हे वाचून मला, खरे सांगतो, थोडा धीर आला.

त्या काळी नृत्यगृहांतील वाद्यवृंदात खर्जाची बाजू डबल बेस हे वाद्य सांभाळी. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातले, लाकडाचे पोकळ धूड. ते गाडीच्या टपावर बांधून न्यावे लागे, आणि एवढे करून ढोल आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात त्याचा आवाज हरवून जाई. विजेवर चालणारा आडवा बेस करून पाहणारे लिओ हे पहिले नव्हेत. सिअ‍ॅटल शहरात पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास तसे वाद्य केले होते, पण ते रुजले नाही. लिओंनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि ती मात्र रुजली. धड भरीव लाकडाचे, मान मेपल लाकडाची, तारांची लांबी ३४ इंच. मानेवर आपल्या सतारीला असतात तसे पडदे. पण सतारीचे पडदे सरकवता येतात, हे कायमचे ठोकलेले. पडद्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. किंमत सुमारे २०० डॉलर.

या वाद्यातील खरी क्रांती मात्र कानाला ऐकू येत नाही. ती पाठीमागे दडलेली आहे. व्हायोलिन घडविणारे कारागीर मान धडाला सरसाने चिकटवीत. लिओंनी ती चक्क चार स्क्रूंनी जोडली. मान बिघडली तर स्क्रू काढा, नवी बसवा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला जा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही दृष्टी. जे उघडता येत नाही ते दुरुस्त कसे करणार? याच सोयीमुळे आज सत्तर वर्षांनंतरही फेंडर गिटारीचा इतिहास स्क्रू काढून वाचता येतो, आणि याच सोयीमुळे त्या इतिहासात खोटी पानेही घालता येतात. जुनी मान, नवे धड, तिसरीकडचे सुटे भाग, आणि वर जुन्याची किंमत!

१९५७ मध्ये प्रिसिजन बेसला आजचे रूप मिळाले आणि १९६० मध्ये निमुळत्या मानेची ‘जॅझ बेस’ आली. धंदा इतका वाढला की लिओंना तो पेलवेना. त्यातच घशा-नाकाच्या एका चिवट जंतुसंसर्गाने त्यांना वर्षानुवर्षे छळले होते. आपण फार काळ जगत नाही, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी विकावयाचे ठरविले. जानेवारी १९६५ मध्ये सी.बी.एस. या बलाढ्य प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर मोजून फेंडर विकत घेतली. आदल्याच वर्षी त्याच कंपनीने न्यूयॉर्क यांकीज या विख्यात बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरांना घेतला होता. यावरून या व्यवहाराचा आकार कळावा. पुढे योग्य औषध मिळाले आणि लिओ बरे झाले. विक्रीनंतर ते आणखी छब्बीस वर्षे जगले! पण करारान्वये दहा वर्षे त्यांना स्पर्धेत उतरण्याची मनाई होती, आणि स्वतःचे आडनाव तर त्यांनी कायमचेच विकले होते.

बाजारात आज ‘प्री-सी.बी.एस.’ असा एक शब्द चालतो. १९६५ पूर्वीचे फेंडर वाद्य म्हणजे या व्यापारातले सोने. नव्या उत्तम वाद्याच्या कित्येक पट त्याची किंमत. नव्या मालकांनी उत्पादन झपाट्याने वाढविले, रंगाचे थर जाड केले, सत्तरच्या दशकात काही वाद्यांवरचे मानेचे चार स्क्रू तीनवर आणले. त्या दशकातली वाद्ये जड, आणि त्यांची जोडणी सैल, अशी बदनामी वादकांत पसरली. ती सरसकट खरी नाही. त्या वर्षांतलीही उत्तम वाद्ये आहेत. पण एक गंमत पाहावी. ज्या तीन स्क्रूंवर वादक आजही दात-ओठ खातात, ती जोडणी सी.बी.एस.च्या कारकुनांनी पैसे वाचवायला शोधलेली नव्हे. मान न काढता तिचा कल बदलता यावा म्हणून खुद्द लिओंनीच, सल्लागार असताना, ती युक्ती काढली होती. कल्पना चांगली होती. ती अंमलात आणणारा हात नेटका हवा, एवढेच.

१९६५ पूर्वीच्या वाद्यांना एवढे मोल येण्याचे दुसरेही कारण आहे. ते लाकडात नसून वादकांत आहे. डेट्रॉइट येथील मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा खर्ज आहे. त्यांचे वाद्य १९६२ ची प्रिसिजन. दुकानात कोणालाही मिळावी तशी. ते तारा बदलीत नसत आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत. वर्षानुवर्षे मुद्रिकांच्या वेष्टनावर त्यांचे नावदेखील छापले जात नव्हते. ऑगस्ट १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या काहीच दिवस आधी ती गिटार त्यांच्या घरातून चोरीला गेली. जॅको पास्टोरियस यांचे वाद्यही १९६२ चेच, पण जॅझ बेस. त्याचे पडदे उपटून, खाचा बुजवून, वर नौकांना लावतात तो इपॉक्सीचा लेप त्यांनी दिला होता. आजच्या एखाद्या संग्राहकाला हे ऐकून घाम फुटेल. तीही १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका बागेतून चोरीस गेली. पुढच्याच वर्षी जॅको एका मारहाणीत दगावले. वीस वर्षांनी गिटार पुन्हा उजेडात आली आणि मेटॅलिका या वाद्यवृंदाचे रॉबर्ट ट्रुहिओ यांनी पैसे मोजून ती सोडवली.

आणि पॉल मॅकार्टनी? त्यांना १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे फेंडर परवडत नव्हती, म्हणून त्यांनी सुमारे ३० पौंडांना हॉफनर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची गिटार घेतली. ती १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी मूळ मालकाकडे परत आली. २०२४ च्या फेब्रुवारीत ही वार्ता जाहीर झाली. या तिन्ही चोऱ्या मी भाच्याला मुद्दाम सांगितल्या. जुने वाद्य घेताना विकणाऱ्याकडे ते कसे आले, हे विचारण्यात संकोच कसला? जहाजावरच्या त्या वृद्ध वादकाने जुनी पावती जपून ठेवली होती, तिच्या घड्या फाटून चार तुकडे झाले होते तरी. दुसऱ्या विक्रेत्याकडे नुसते आश्वासन होते.

महाग बेस गिटार हा प्रकार फेंडरचा नव्हेच, हेही येथे नोंदवावे. ती वाद्ये कारखान्यातली, कष्टकरी वादकांसाठी केलेली. मौल्यवान लाकडांचे थर आणि वाद्याच्या आतच ध्वनी वाढविणारी यंत्रणा असलेली, एकेका वादकासाठी घडवलेली बेस गिटार सत्तरच्या दशकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील अलेंबिक या संस्थेने आणली आणि स्टॅन्ली क्लार्क यांनी ती गाजवली. ते वाद्य जन्मतःच महाग होते. फेंडर मात्र कालांतराने महाग झाली. वापरलेल्या वाद्याच्या किमतीचा विचार करताना हा भेद मला मोलाचा वाटतो: पहिल्या प्रकारात आपण बरेचसे श्रमाचे आणि सामग्रीचे पैसे देतो, दुसऱ्यात बरेचसे आठवणींचे.

सामग्रीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९५९ च्या आसपास फेंडरने मानेवरची पट्टी शिसवी लाकडाची केली. ते लाकूड प्रथम ब्राझीलचे असे. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे त्या पट्टीचे जुने वाद्य सरहद्दीपलीकडे विकावयाचे तर कागदपत्रे लागतात. ब्राझीलची शिसवी दुर्मीळ होऊ लागली तशी जगभरच्या गिटारकारांची नजर आपल्या शिसवीकडे वळली. सह्याद्रीच्या जंगलातली, गोव्यातल्या जुन्या घरांतील खुर्च्यांची आणि चर्चमधील कोरीव आसनांची ती हीच. २०१७ मध्ये तिच्याही व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ अखेर सूट मिळाली. आजोबांच्या खुर्चीला आणि परदेशी गिटारीला एकच लाकूड, हे भाच्याला फार आवडले. बहिणीला नाही. “म्हणजे आपल्या खुर्चीची किंमत वाढली का?” एवढेच तिने विचारले.

आता लिओंकडे परत येऊ. दहा वर्षांची मुदत सरताच ते म्युझिक मॅन या कंपनीचे उघडपणे अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये त्यांनी ‘स्टिंगरे’ ही बेस आणली. ध्वनिवर्धनाची यंत्रणा तिच्या पोटातच होती. तेथे मतभेद झाले, तेव्हा १९८० मध्ये जुने सहकारी जॉर्ज फुलरटन आणि डेल हायट यांच्यासह त्यांनी तिसरा डाव मांडला. जॉर्जचा ‘जी’ आणि लिओचा ‘एल’, म्हणून ‘जी अँड एल’. कारखाना फुलरटन गावातच, फेंडर अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर. रस्त्याला त्यांचे नाव होते. वाद्यांना ते देण्याची मात्र मुभा नव्हती. वयाची सत्तरी ओलांडलेला हा माणूस रोज तेथील आपल्या खोलीत बसून चुंबक, तारांची वेटोळी आणि पूल यांत सुधारणा करीत राहिला. आपण आजवर केलेल्या वाद्यांत ही सर्वोत्तम, असे त्यांचे मत होते. कंपवाताने हात कापू लागले तरी काम थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी ते वारले. आदल्या दिवशीपर्यंत ते कामावर होते.

इकडे सी.बी.एस.ने १९८५ मध्ये फेंडर कंपनी तिच्याच अधिकाऱ्यांच्या एका गटाला १ कोटी २५ लाख डॉलरांना विकून टाकली. वीस वर्षांपूर्वी दिलेल्या रकमेपेक्षाही कमी! कारखान्याची इमारत त्या व्यवहारात नव्हती. नव्या मालकांना मिळाले ते प्रामुख्याने नाव. त्या नावावर त्यांनी कंपनी पुन्हा उभी केली आणि चांगली वाद्ये केली, हे मान्य केले पाहिजे. तरी बाजाराचा न्याय विचित्र खरा. लिओंनी सोडून दिलेल्या नावाचे जुने वाद्य चढ्या दराने विकले जाते आणि लिओंच्या शेवटच्या अकरा वर्षांचे काम त्याच्या निम्म्या किमतीलाही मिळते.

भाच्याला हे सारे सांगितले तेव्हा तो हरखला, पण बहीण व्यवहारी. “दादा, उद्या विकायची वेळ आली तर?” हा तिचा प्रश्न. आणि त्याला माझ्यापाशी गोड उत्तर नव्हते. विकायची वेळ आली तर फेंडरला गिऱ्हाईक लवकर मिळेल आणि पैसेही जास्त मिळतील. दुसरीसाठी जाणता माणूस शोधावा लागेल. नाव ही काही निव्वळ भुलवणूक नसते. ते एक प्रकारचे चलन असते. घरातली ठेव मोडून वाद्य घेणाऱ्याने त्या चलनाकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नव्हे, असेही मला दोन दिवस वाटत राहिले. मग मी एवढेच सुचविले की दोन्ही वाद्ये उघडून पाहावीत.

एका जाणकार दुरुस्तीकाराला सोबत घेऊन आम्ही गेलो. जुनी फेंडर वाद्ये वाचण्याची रीत त्याने दाखवली, ती मला फार रंजक वाटली. अनुक्रमांकावर फारसे विसंबू नये. कारखान्यात ते काटेकोर क्रमाने लागत नसत. मानेच्या टोकाशी, स्क्रू काढल्यावरच दिसणाऱ्या जागी, पुष्कळदा तारीख असते. आणि आवाज कमीजास्त करण्याच्या खुंट्यांखाली जे सुटे भाग असतात, त्यांवर आकडे छापलेले असतात. पहिले तीन अंक ते बनवणाऱ्या कंपनीचे, म्हणजे ३०४ असेल तर स्टॅकपोल, १३७ असेल तर सी.टी.एस.; त्यापुढे साल आणि शेवटी आठवडा. ३०४६३२५ म्हणजे स्टॅकपोल, १९६३ चा पंचविसावा आठवडा. अर्थात तो भाग त्या तारखेला तयार झाला, एवढेच यावरून कळते. गिटार त्याआधीची असणार नाही. नंतरची असू शकते. आमच्या बखरींचेही असेच असते.

फेंडरच्या तीन खुंट्यांपैकी दोन १९७८ च्या निघाल्या, तिसरी बरीच अलीकडची. कुणा पूर्वीच्या मालकाने दुरुस्तीत बदललेली. त्यात पाप काही नाही. पण त्याच हाताने कधीतरी मानेच्या स्क्रूंची छिद्रे रुंदावली होती आणि मग लाकडाच्या पाचरी घालून वेळ मारून नेली होती. मान हाताने दाबली की खोबणीत किंचित सरके. किंमत मात्र सर्व भाग मूळचे असल्याची सांगितलेली. दुरुस्त होण्याजोगा दोष होता तो. दुरुस्तीकाराने खर्चही सांगितला. पण तो खर्च आणि ती किंमत यांची बेरीज करताना बहिणीच्या चेहऱ्याकडे माझ्याने पाहवेना.

मग त्या वृद्ध वादकाच्या घरी. एल-२००० ची मान काढली. तेथेही तीनच स्क्रू! लिओंनी आपली जुनी युक्ती येथेही वापरली होती. पण ही मान खोबणीतून निघता निघेना; लाकडाला लाकूड इतके नेमके बसलेले. मानेच्या टोकावर आणि धडाच्या खोबणीत, दोन्हीकडे १९८१ मधल्या तारखा होत्या, एकमेकींपासून काही आठवड्यांच्या अंतराने. पडदे पहिल्या पाच घरांत झिजले होते, पण आणखी एकदा घासून समतल करण्याएवढी धातू शिल्लक होती. मानेच्या आतली लोखंडी सळई फिरत होती; जुन्या वाद्यात ती अडकलेली असली तर सौदा सोडून उठावे, असे दुरुस्तीकार म्हणाला. भाच्याने चारही तारांवर एकेका घराचा सूर लावून तो किती वेळ टिकतो ते मोजले. सगळ्यांत बारीक तारेवर, पाचव्या-सहाव्या घरापाशी, सूर इतरांहून लवकर मावळत होता. मेपल मानेच्या अशा कित्येक वाद्यांत हे असते. लिओंना तेही पुरते सोडविता आले नव्हते.

“एवढा एक सूर मी जन्मभर सांभाळून घेतला,” तो वृद्ध म्हणाला. “तुझ्या बोटांनाही सवय होईल.”

मी काही बोललो नाही. निर्णय भाच्याने घेतला आणि पैसेही त्यानेच, आपल्या शिलकीतून, मोजले. बँकेच्या ठेवीची पावती बहिणीने पिशवीतून काढलीच नाही. गिटार घरी आणल्यावर तिने ती उचलून पाहिली आणि घाईघाईने पलंगावर ठेवली; एवढे जड लाकूड मुलगा रात्रभर गळ्यात अडकवून उभा राहणार, ही नवी काळजी तिला लागली. दुसऱ्या दिवशी भाचा बाजारात जाऊन मोच्याकडून चार बोटे रुंदीचा कातडी पट्टा शिवून घेऊन आला.